‘आठ रिश्टर झेलणारी’ बिल्डिंग म्हणजे नेमकं काय?

होटगीकर | शनि, ०५/०४/२०२५ - १०:४०

नमस्कार मंडळी. सोलापुरात होटगी रोडला एक टू बीएचके बघून आलोय. ब्रोशरात जिम, गार्डन, ज्येष्ठांसाठी कट्टा वगैरे नेहमीचं आहेच, त्याच रांगेत ‘८ रिश्टर स्केलपर्यंत भूकंपरोधक’ असंही छापलंय. एरवी मी ते वाचलंही नसतं. पण परवा ३ तारखेला सकाळी ११ वाजून २२ मिनिटांनी सांगोल्याजवळ २.६ चा धक्का बसला आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारपासून म्यानमार-बँकॉकचे व्हिडिओ घरोघरी फिरतायत. त्यामुळे आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नाही. वडिलांचं म्हणणं असं, की किल्लारी साडेसहाचासुद्धा नव्हता आणि पन्नासच्या वर गावं गेली. मग हा बिल्डर आठची गोष्ट कशाच्या जोरावर करतोय?

सेल्सच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “सर, पूर्ण आरसीसी आहे.”

नेटवर शोधलं तर डोकं अजूनच फिरलं. कुठे रिश्टर, कुठे एमडब्ल्यू, कुठे रोमन आकडे, कुठे टक्के जी. माझा साधा प्रश्न: सांगोल्याचा २.६ आणि किल्लारीचा ६.२, फरक नेमका किती? अडीच पट? आणि बिल्डिंग ‘आठची’ असते म्हणजे काय असते? जाणकारांनी सांगावे.

शेंगाचटणी | शनि, ०५/०४/२०२५ - ११:१५

माझी मावशी सांगोल्यात राहते. तिला काहीच कळलं नाही. तिच्या शेजारणीच्या मांडणीतली भांडी मात्र वाजली म्हणे. दोन घरांत मधे एक भिंत. आता मावशीला वाटतंय शेजारीण पुड्या सोडते.

पूर्वभाग | शनि, ०५/०४/२०२५ - ११:३२

आमच्याकडं लूम चालू होते बे. २.६ काय, त्याहून मोठा आला असता तरी कळलं नसतं. फरशी दिवसभर हालतच असते. लाईट गेल्यावर उलट चुकल्यासारखं होतंय.

मुरूम | शनि, ०५/०४/२०२५ - १३:०५

वडिलांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. भूगर्भशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे थोडं लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

भूकंपाला दोन तऱ्हेचे आकडे लावतात. पहिला त्या भूकंपाचा स्वतःचा, म्हणजे जमिनीखाली केवढा खडक किती सरकला याचा. त्याला परिमाण म्हणू, इंग्रजी माध्यमवाले मॅग्निट्यूड म्हणतील. एका भूकंपाला तो एकच. दुसरा आकडा गावाचा. तिथे जमीन किती हलली, माणसांना काय जाणवलं, घरांचं काय झालं. ही तीव्रता, आणि ती एकाच भूकंपाला गावोगाव वेगळी. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या अँप्लिफायरवर किती वॅट लिहिलेत ते गाडीबरोबर फिरतं. तुमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या की नाही, हे गाडी किती लांब होती आणि काचेची पुट्टी किती जुनी होती यावर.

रिश्टरचा आकडा पहिल्या जातीचा. चार्ल्स रिश्टर यांनी तो १९३५ साली मांडला, तोही फक्त दक्षिण कॅलिफोर्नियापुरता आणि एका विशिष्ट यंत्रापुरता. वुड-अँडरसन नावाचं ते यंत्र. ताणलेल्या बारीक तारेवर एक छोटंसं वजन आणि आरसा. जमीन हलली की आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर रेघ काढतो. ठरवलं असं, की भूकंपापासून १०० किलोमीटरवर ठेवलेल्या या यंत्राची रेघ १ मिलिमीटर सरकली तर परिमाण ३. दहा मिलिमीटर सरकली तर ४. शंभर, तर ५. सहाला मीटरभर सरकायला पाहिजे, म्हणजे कागदाच्या पार बाहेर. मग लांबच्या केंद्रावरची रेघ घ्यायची आणि अंतराचा हिशोब वजा करायचा.

म्हणजे एकेका आकड्याला रेघ दहा पट. ऊर्जा मात्र सुमारे बत्तीस पट, आणि दोन आकड्यांना हजार पट. सांगोला आणि किल्लारी यांत ३.६ चा फरक. रेघेच्या हिशोबाने सुमारे ४००० पट. ऊर्जेच्या हिशोबाने अडीच लाख पट. अडीच पट नव्हे हो, अडीच लाख!

या मोजपट्टीला वरचं टोक नाही. ‘रिश्टर स्केलचे बारा अंश’ असं जे फिरतं ते तीव्रतेच्या पट्टीचे बारा आहेत, कुणीतरी इकडचं तिकडे लावलंय. आणि खाली ती शून्यापाशीही थांबत नाही. नाजूक यंत्रांना उणे परिमाणाचे भूकंप पकडता येतात.

होटगीकर | शनि, ०५/०४/२०२५ - १३:४०

अडीच लाख पट! वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मला वाटलंच होतं.

अपर्णा_पुणे | शनि, ०५/०४/२०२५ - १४:२२

काका, पण रिश्टर स्केल आता वापरतच नाहीत असं वाचलंय. आणि भूजच्या वेळी आपल्याकडे ६.९ सांगत होते, अमेरिकन ७.७ म्हणत होते. तेव्हा घरात सगळे म्हणायचे सरकार लपवतंय.

मुरूम | शनि, ०५/०४/२०२५ - १५:५०

लपवालपवी नव्हती, मोजपट्ट्या दोन होत्या. ६.९ हे रिश्टरच्या पद्धतीचं स्थानिक परिमाण, ७.७ हे मोमेंट परिमाण, नेटवर दिसतं ते एमडब्ल्यू. अशी रेघेवर चालणारी पट्टी मोठ्या भूकंपाला तोकडी पडते. कारण ती लाटांचा एक ठरावीक, जलद भागच मोजते. फॉल्ट, म्हणजे खडकातली भेग, शंभर किलोमीटरच्या जागी चारशे किलोमीटर फाटला तरी जलद लाटांची उंची त्या मानाने वाढत नाही, हलणं लांबत जातं. आकडा पावणेसात-सातच्या पुढे अडखळतो. पृष्ठभागावरच्या लांब लाटांवरून काढलेली दुसरी पट्टी आठच्या पुढे अडखळते. १९६० चा चिलीचा भूकंप त्या पट्टीवर सुमारे साडेआठ दिसायचा. प्रत्यक्षात तो ९.५, यंत्रांनी नोंदवलेला आजवरचा सर्वात मोठा.

१९७९ साली हँक्स आणि कानामोरी यांनी मोमेंट परिमाण मांडलं. त्याला कागदावरची रेघ लागत नाही. तीन गोष्टींचा गुणाकार लागतो: खडकाचा ताठपणा, फाटलेल्या पृष्ठाचं क्षेत्रफळ आणि सरकलेलं अंतर.

कागद-पेन्सिल घ्या. खडकाचा ताठपणा धरा ३ गुणिले दहाचा दहावा घात पास्कल, हा कवचाच्या खडकासाठी नेहमीचा. फाटलेला तुकडा समजा १० किलोमीटर लांब, ८ किलोमीटर खोल. म्हणजे ८ कोटी चौरस मीटर. सरकला समजा सरासरी १ मीटर. गुणाकार २.४ गुणिले दहाचा अठरावा घात. त्याचा लॉग १८.३८. त्यातून ९.१ वजा केले, दीडने भागले. उत्तर ६.२ च्या जवळ. म्हणजे किल्लारीएवढा भूकंप व्हायला दहा बाय आठ किलोमीटरचा तुकडा मीटरभर घसरला तरी पुरतो. आकड्याचा बागुलबुवा यापुढे वाटू नये म्हणून हे करून दाखवलं.

बातम्यांत मात्र अजून ‘रिश्टर’च छापतात, पुढेही छापतील. त्याने फार बिघडत नाही, मधल्या आकारांना दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारखं सांगतात. आणि पहिल्या तासाभरात आकडा पॉइंट दोन-तीनने बदलला तर तेही साहजिक. सुरुवातीला थोड्याच केंद्रांच्या नोंदी हाती असतात.

भीमाकाठ | शनि, ०५/०४/२०२५ - १८:१०

१९९३ ला मी आठवीत. साखर पेठेत जुना वाडा, वर माळवद. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुका बघून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चारला पाच-एक मिनिटं कमी असताना आधी गडगड झाली, लांबून ट्रक आल्यासारखी. आजी उठून बसली आणि म्हणाली, पाऊस आला, वाळवण काढा. ती उभी राहीपर्यंत हेलकावा सुरू. कडीला टांगलेला पाळणा रिकामाच झुलत होता आणि माळवदाची माती फडताळावर पडत होती. नंतर महिनाभर पेठेतले लोक रस्त्यावर अंथरुणं टाकून. दुपारपर्यंत उमरगा, किल्लारीकडून सिव्हिलला जखमी यायला लागले तेव्हा कळलं नेमकं काय झालंय.

आधी गडगड आणि मग हेलकावा असं का झालं, हा प्रश्न तेव्हापासून आहे.

मुरूम | शनि, ०५/०४/२०२५ - १९:३५

भीमाकाठ, तुमच्या आजींनी पी आणि एस लाटांमधला वेळ मोजला असं समजा. पहिली लाट खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते. ती दाबाची लाट, तिचा थोडा भाग हवेत शिरून गडगडाट होतो. दुसरी साडेतीनच्या आसपास, आडवी हलवणारी, भिंती पाडणारी. दोन्हींत जितके सेकंद, त्याला आठाने गुणलं की किलोमीटर मिळतात. किल्लारी इथून सरळ रेषेत ८०-८५ किलोमीटर, म्हणजे दहा सेकंद. वाळवणाचा हुकूम देऊन उभं राहण्याइतका वेळ. तीन केंद्रांवरून अशी अंतरं काढून वर्तुळं मारली की केंद्रबिंदू सापडतो. (किल्लारीतल्या लोकांना मात्र गडगड आणि हादरा वेगळे कळायला वेळच नव्हता.)

अपर्णा_पुणे | शनि, ०५/०४/२०२५ - २०:०१

मग ६.२ ला सुमारे दहा हजार माणसं कशी गेली? १९८९ चा सॅन फ्रान्सिस्कोजवळचा ६.९ होता आणि तिथे ६३.

मुरूम | शनि, ०५/०४/२०२५ - २१:४८

इथेच दुसरी मोजपट्टी लागते.

तीव्रतेच्या पट्ट्या रिश्टरच्या आधीच्या आहेत. मर्काली यांची १९०२ ची, १९३१ साली अमेरिकेत सुधारलेली. आपल्याकडे एमएसके-६४ नावाची तशीच पट्टी वापरत आले. बारा पायऱ्या, रोमन आकड्यांत, म्हणजे परिमाणाशी गल्लत होऊ नये. यात यंत्र नाही, माणसं आणि भिंती हेच यंत्र. तिसरीला घरात बसलेल्या थोड्यांनाच कळतं, ट्रक गेल्यासारखं. चौथीला भांडी आणि खिडक्या वाजतात. पाचवीला झोपलेले जागे होतात, टांगलेलं सगळं झुलतं. भीमाकाठ यांचा रिकामा पाळणा पाचवीच्या पुढचा साक्षीदार आहे. सहावीला लोक घाबरून बाहेर पळतात, गिलावा तडकतो. सातवीपासून कच्ची घरं धोक्यात, आठवीला ती पडायला लागतात. बारावीला जमिनीचा चेहराच बदलतो. भूकंपानंतर तज्ज्ञ गावोगाव हिंडून असे आकडे नकाशावर टाकतात आणि सारख्या आकड्यांभोवती रेषा ओढतात.

किल्लारीत ती आठवीच्या पुढे गेली. एकतर भूकंप उथळ होता, दहा किलोमीटरच्या आसपास. १९९७ चा जबलपूरचा ५.८ चा भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोल होता, तिथे चाळीसेक माणसं दगावली. परिमाणात पॉइंट चारचाच फरक, म्हणजे ऊर्जेत चौपट. बळींच्या संख्येत अडीचशे पट. हे सगळं काही खोलीमुळे नाही.

मोठं कारण घरं. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नाहीत, मधे चिपा आणि माती. वर उन्हाळ्यासाठी जाड मातीचं माळवद, दरवर्षी थोडी भर घातलेलं. हलल्यावर भिंतीचे दोन थर सुटून आत-बाहेर कोसळले आणि माळवद खाली आलं. पहाट, सगळे घरात गाढ झोपेत. त्यात तो भाग तेव्हाच्या भूकंपनकाशात सर्वात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये. २००२ च्या नकाशात झोन एक ठेवलाच नाही.

म्यानमारचंही तसंच. ७.७ हा आकडा मंडालेला आणि बँकॉकला एकच लागू. बँकॉक हजार किलोमीटर लांब, तरी तिथली बांधकाम चालू असलेली तीस-बत्तीस मजली इमारत पत्त्यासारखी बसली. शहराखाली मऊ चिखलमाती. लांबून येणाऱ्या संथ लाटा अशा मातीत फुगतात आणि उंच इमारतींना नेमक्या तेच संथ हेलकावे मानवत नाहीत.

शेंगाचटणी | शनि, ०५/०४/२०२५ - २२:१०

म्हणजे मावशी आणि शेजारीण दोघी खऱ्या असू शकतात? मावशी तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होती. शेजारीण पहिल्या मजल्यावर, बसलेली.

मुरूम | शनि, ०५/०४/२०२५ - २२:१६

अगदीच. चालता-फिरता माणूस आणि मोकळी जागा, तीव्रता कमी जाणवते. मावशींना सांगा भांडण मिटवा.

काँक्रीट_काका | रवि, ०६/०४/२०२५ - ०८:५५

मी स्ट्रक्चरल डिझाइन करतो, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘आठ रिश्टरची बिल्डिंग’ असं काही नसतं. मी रोज डिझाइन करतो, परिमाणाचा आकडा कुठेच टाकत नाही. आमच्या हिशोबात येतो तो त्या जागी जमिनीला बसणारा झटका, म्हणजे त्वरण. ते g च्या पटीत. एक g म्हणजे वरून सोडलेली वस्तू ज्या त्वरणाने पडते ते. आठचा भूकंप पाचशे किलोमीटरवर झाला तर तुमच्या बिल्डिंगला बहुधा चिमटाही बसणार नाही, आणि सहाचा पायाखाली झाला तर होत्याचं नव्हतं होऊ शकतं.

आयएस १८९३ म्हणजे भूकंपाला धरून डिझाइन करायचं भारतीय मानक. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर झोन तीनमध्ये, आणि झोन तीनचा गुणांक ०.१६. झोन दोनला ०.१०, चारला ०.२४, पाचला ०.३६. प्रत्यक्ष डिझाइनचा जोर या ०.१६ पेक्षाही बराच कमी धरतात. हे ऐकून घाबरू नका. त्यामागे अट आहे, की बिल्डिंग वाकेल, तडकेल, पण एका झटक्यात बसणार नाही अशी लोखंडाची मांडणी करायची. ती अट पाळली नाही तर कमी जोर धरण्याचा हक्कही नाही. आयएस १३९२० यासाठीच आहे.

g सुद्धा सगळं सांगत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेच्या धरणातल्याच यंत्राने ०.६३ g नोंदवलं. धरणाचं डिझाइन ०.०५ g धरून केलेलं. दहा पटींहून जास्त! भिंतीचा उतार जिथे बदलतो तिथे आडव्या भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं. कारण तो कमाल झटका क्षणभराचा आणि फार जलद. किती वेळ हललं, कोणत्या लयीत हललं आणि बांधकामाची स्वतःची लय कोणती, हे सगळं मिळून निकाल लागतो.

होटगीकर, ब्रोशर बाजूला ठेवा आणि साइटवर जा. कॉलमच्या रिंगा बघा. वर आणि खाली, बीमजवळ त्या दाट व्हायला हव्यात, आणि रिंगेची टोकं आत गाभ्यात वळवलेली पाहिजेत. काटकोनात वाकवून सोडलेली रिंग पहिल्या मोठ्या हेलकाव्यात उघडते. फिटरला आत वळवायला जास्त वेळ लागतो, म्हणून तो टाळतो. काँक्रीट ओतण्याआधी गेलात तरच हे दिसेल. दुसरं, खाली नुसते कॉलम आणि पार्किंग, वरती विटांच्या भिंतींनी भरलेले मजले असतील तर खालचा मजला वेगळा बळकट केलाय का ते विचारा. २००१ साली अहमदाबादेत, भूजपासून दोनशेच्या वर किलोमीटरवर, अशाच बिल्डिंगा पार्किंगवर बसल्या. तिसरं, सॉइल रिपोर्ट. काळ्या मातीच्या थराखाली मुरूम किंवा खडक किती फुटांवर लागला, पाया कशावर टेकवला.

होटगीकर | रवि, ०६/०४/२०२५ - ०९:२०

रिंगा बघायला कधी जाऊ? चार मजले झालेत, पाचव्याचं शटरिंग चालू आहे.

काँक्रीट_काका | रवि, ०६/०४/२०२५ - ०९:२८

मग पाचव्याचे कॉलम उघडे असतानाच. फोटो काढून इथे टाका. कुणी अडवलं तर तेही इथे टाका, बिल्डरचं नाव न घेता.

सातरस्ता | रवि, ०६/०४/२०२५ - १२:०५

जपानी लोक तर बातमीत वेगळाच आकडा सांगतात. गेल्या वर्षी १ जानेवारीला नोटोला ‘७’ म्हणाले आणि खाली ७.६ ही होता. मला वाटलं छपाईची चूक.

मुरूम | रवि, ०६/०४/२०२५ - १२:५०

तो ७ म्हणजे शिंदो, त्यांची तीव्रतेची पट्टी. शून्यापासून सातपर्यंत, पाच आणि सहाचे ‘कमी’ आणि ‘जास्त’ असे दोन-दोन भाग, एकूण दहा पायऱ्या. तिथे ती आता माणसांना विचारून ठरवत नाहीत, गावोगावची यंत्रं काही मिनिटांत काढून देतात. टीव्हीवर आधी प्रत्येक गावाचा शिंदो दिसतो, परिमाण मागाहून. माझ्या मते आपल्या वाहिन्यांनी उचलण्यासारखी एवढी एकच गोष्ट. ‘किल्लारी पुन्हा हादरली?’ असं प्रश्नचिन्ह लावण्यापेक्षा सांगोल्यात किती, पंढरपुरात किती, हे सांगा ना.

पूर्वभाग | रवि, ०६/०४/२०२५ - १३:३०

खडी क्रशरचा सुरुंग आणि भूकंप यातला फरक यंत्राला कळतो का ओ सर? आमच्या पाहुण्याच्या गावात आठवड्याला दोनदा ‘भूकंप’ होतोय.

मुरूम | रवि, ०६/०४/२०२५ - १४:१५

बऱ्याचदा कळतो. सुरुंग सगळीकडे बाहेरच्या दिशेने ढकलतो, म्हणून सगळ्या केंद्रांवर पहिली हालचाल वरच्या दिशेने. भूकंपात खडक घसरतो, काही केंद्रांवर पहिली हालचाल वर आणि काहींवर खाली. सुरुंगात दुसरी, आडवी लाट दुबळी असते. शिवाय सुरुंग दिवसाउजेडी उडतात आणि खोली जवळपास शून्य. पाहुण्यांना सांगा वेळ लिहून ठेवा, सेकंदासकट. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या भूकंप ॲपमध्ये त्या वेळेची नोंद आहे का बघा. तिथे जाणवल्याची माहितीही भरता येते. कुठल्या मजल्यावर होतो, बसलेलो की झोपलेलो, काय हललं, काय पडलं, एवढंच विचारतात.

शेंगाचटणी | रवि, ०६/०४/२०२५ - १४:४०

मावशीने अंगणातून ‘काहीच जाणवलं नाही’ असं भरलं तर चालतं का?

मुरूम | रवि, ०६/०४/२०२५ - १४:४४

चालतं काय, हवंच असतं. नाही जाणवलं हीसुद्धा नोंद आहे, नाहीतर नकाशावरची रेषा कुठे थांबवायची? शेजारणीचंही भरायला लावा, दोघींचा मजला न विसरता.